रात्र रिकामी नसते

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेबारा वाजले होते. कळमेश्वरच्या घरी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्या रात्री आमच्या टीमचा रिलीज होता. तेवढ्यात दारासमोर ब्रेकर सुरू झाला, सिमेंटचा रस्ता फोडतात तो. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. आतल्या खोलीत आजी उठून बसली. एकदा मोडलेली तिची झोप परत लागत नाही आणि सकाळी बीपी वर गेलेलं असतं.

मी इंजिनिअर माणूस, आधी फोनवर शोधाशोध केली. पाच मिनिटांत नियम सापडला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. त्यात रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. २०१० च्या दुरुस्तीत तर स्पष्टच म्हटलंय की निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं रात्री वापरायची नाहीत. त्याच कलमात हॉर्नला सार्वजनिक आणीबाणीची सूट आहे, या यंत्रांसाठी तीही लिहिलेली नाही. शिवाय आवाजाच्या त्रासापासून सुटका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगून ठेवलंय.

एवढा दारूगोळा घेऊन मी बाहेर गेलो. सुपरवायझर माझ्याच वयाचा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, दिवसा खोदलं तर ट्रॅफिकवाले थांबवते, रात्री खोदलं तर तुमी थांबवता. आमी खोदावं कवा?"

मी उत्तर दिलं नाही. ११२ लावला. पोलीस आले, काम बंद झालं. पंधरा मिनिटांत सगळे मजूर टेम्पोत बसून निघून गेले. आजी झोपली. दोन वाजता माझा रिलीजही नीट पार पडला. एक जागरूक नागरिक म्हणून मीही समाधानाने झोपलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे, अजून अंधार असताना, आमच्याकडे दूध घालणारे काका मोटरसायकलसकट त्या चरात पडले. चर गुडघाभर खोल होता. काम जिथे थांबलं तिथेच तो उघडा पडला होता. बाजूला मातीचा ढीग, दोन दगड आणि त्यांवर एक लाल फडकं. अंधारात लाल फडकं काळंच दिसतं. काकांचं उजवं मनगट मोडलं. सुट्टीत घरी असलेला त्यांचा मुलगा पुढचा महिनाभर दूध घेऊन यायचा.

चूक ठेकेदाराची होती, यात शंका नाही. चर उघडा टाकून जायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण ते फडकं मीही दोन दिवस येता-जाता पाहत होतोच. शोधायचंच होतं, तर आणखी एक गोष्ट सापडली असती. रस्त्यावर काम चालू असताना काय करायचं, याची इंडियन रोड्स काँग्रेसची एक मार्गदर्शक पुस्तिका आहे, एसपी ५५. तिची सुधारित आवृत्ती २०१४ ची. कामाच्या अलीकडे किती अंतरावर सूचनाफलक लावायचे, वाहनं बाजूला कशी वळवायची, अडथळे कसे उभे करायचे, रात्री ते दिसतील कसे, हे सगळं तिच्यात आहे. ती मी काका पडल्यावर वाचली. माझी झोप वाचवणारा नियम मला पाच मिनिटांत सापडला होता. दुसऱ्याचं मनगट वाचवणारा नियम शोधायला मला तीन दिवस आणि एक अपघात लागला.

सगळ्यात जास्त टोचतं ते हे की माझा धंदाच हा आहे. आम्ही रिलीज रात्री का करतो? कारण त्या वेळी युजर कमी असतात. पण बदल अर्ध्यावर थांबवावा लागला तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवल्याशिवाय आम्हाला कोणी बटण दाबू देत नाही. त्या रात्री मी दोन कामांमध्ये हात घातला होता. एका कामाचा रोलबॅक प्लॅन माझ्यापुढे उघडा होता. दुसरं काम मी एका फोनवर अर्ध्यात थांबवलं. "काम थांबवा, पण चर झाकून आणि दिवा लावून जा," एवढं एक वाक्य त्याच फोनवर बोलता आलं असतं.

या 'युजर कमी असतात' मध्येच खरी मेख आहे. रस्ता रात्री खोदायचा, यामागे साधा हिशोब आहे. दिवसा हजार लोकांची दहा-दहा मिनिटं जातात. रात्री थोड्याच लोकांना त्रास होतो. एकूण त्रास कमी, म्हणून निर्णय योग्य. बेंथमला हे गणित आवडलं असतं. पण ते थोडे लोक कोण, हे गणित विचारत नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेले ते नसतात. एमआयडीसीतून तिसरी पाळी संपवून येणारा, पहाटे दूध घालणारा, आजारी माणूस आणि खुद्द खोदणारा, दर वेळी हेच. जॉन रॉल्स म्हणायचा की आपण समाजात कोण असणार आहोत हे माहीत नाही असं समजून नियम ठरवा. उद्या मी लॅपटॉपसमोर असेन की मोटरसायकलवर दुधाचे कॅन बांधून, हे माहीत नसतं, तर मी त्या रात्री फोनवर काय बोललो असतो?

आठ-दहा दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. या वेळी मी थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर गेलो. अपराधी वाटत होतं, लपवत नाही. ब्रेकर धरणारा छिंदवाड्याकडचा होता. कानांवरून दुपट्टा गुंडाळलेला, तेवढंच संरक्षण. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा असते आणि ब्रेकर जवळून सहज शंभरीच्या पुढे जातो. ४५ चा आकडा माझ्या खिडकीशी मोजायचा असतो, त्याच्या कानाशी नाही.

मी त्याला म्हटलं, तुम्हाला दिवसा काम मिळायला हवं. तो हसला. "दिन में तो सब्बल हाथ में नहीं पकड़ा जाता, भैया."

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात लोखंडी सब्बल काय होते, हे मला कळायला हवं होतं. म्हणजे 'रात्री नको, दिवसा करा' हे माझं उत्तरही माझ्याच खोलीतून दिलेलं होतं. रात्रपाळीही काही फुकटची नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये रात्रपाळीला पुन्हा एकदा कर्करोगाच्या संभाव्य कारणांत ठेवलंय. मीही रात्री जागतो, पण मला त्याचा भत्ता आणि बदली सुट्टी मिळते. त्याला दिवसा पत्र्याच्या शेडमध्ये किती झोप मिळत असेल?

मग करायचं काय? मला सुचलं ते असं. काम घड्याळावर न वाटता आवाजावर वाटायचं. ऊन उतरल्यावर संध्याकाळी सहा ते दहा फोडायचं. दहानंतर पाइप टाकणं, केबल ओढणं, माती भरणं, अशी शांत कामं. थांबायची वेळ आली तर आधी चर झाकायचा, मग टेम्पोत बसायचं. सुपरवायझरला हे सांगितलं तर म्हणाला, "परवानगीत तसं लिवून पाहिजे भाऊ." बरोबर आहे. आणि तसं लिहिलं जात नाही, कारण संध्याकाळी रस्ता अडला की सगळ्यात आधी आरडाओरडा करतो तो माझ्यासारखाच माणूस, नागपूरहून ऑफिस करून परतणारा. रात्रीची शांतता हवी असेल तर तिची किंमत कोणीतरी संध्याकाळी भरायला हवी. ती आपण भरत नाही, म्हणून काम रात्रीवर ढकललं जातं.

तो चर फायबरसाठी होता, हे सांगायचं राहिलं. घरून काम करता यावं म्हणून आमच्या गल्लीत ज्यांनी फायबर मागितला होता, त्यांत मीही होतो.

जूनमध्ये काका परत दूध घालायला लागले. एकदा मीच सांगून टाकलं की त्या रात्री काम थांबवणारा फोन माझा होता. "हो का," म्हणाले. मग डाव्या हाताने दूध मोजून दिलं आणि पुढच्या घरी गेले.