घाम, सुगंध आणि शौच

घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. काखेतल्या विशिष्ट ग्रंथींतून पाझरणारा दाटसर स्राव त्वचेवरच्या जिवाणूंचे खाद्य असतो. ते त्याचे विघटन करतात आणि त्यातून तयार होणारी आम्ले व गंधकयुक्त संयुगे नाकाला झोंबतात. डिओडरंट जिवाणूंना आवर घालते आणि उरलेल्या वासावर सुगंध चढवते. अँटीपर्स्पिरंटचे काम वेगळे आहे. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घर्मनलिकांच्या तोंडाशी बूच बसवतात. काही दिवसांत ते आपोआप निघून जाते.

ही द्रव्ये वर्षानुवर्षे रोज लावली तर अपाय होतो का, याचे उत्तर बरेचसे हाती आले आहे. त्वचेतून शरीरात शिरणारे ॲल्युमिनियम अत्यल्प असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत लावलेल्या मात्रेच्या ०.०१२ टक्केच शोषले गेल्याचे दिसले. स्तनाच्या कर्करोगाची भीती सर्वांत जास्त पसरली. अमेरिकेत २००२ साली ८१३ रुग्ण स्त्रिया आणि ७९३ निरोगी स्त्रिया यांची तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यात या प्रसाधनांशी रोगाचा संबंध आढळला नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये स्तनाच्या २० गाठींच्या तपासणीत पॅराबेन हे परिरक्षक सापडल्याची बातमी गाजली. परंतु निरोगी ऊतींशी तुलना केलेलीच नसल्याने त्यातून कारण ठरत नव्हते. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २०२० साली फवारा नसलेल्या प्रकारांत ६.२५ टक्क्यांपर्यंतचे ॲल्युमिनियम सुरक्षित मानले. खरा सावधपणा हवा तो मूत्रपिंडाच्या रुग्णांना, कारण ॲल्युमिनियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंड करते. सुगंधी द्रव्यांनी काहींना पुरळ उठते, खाज सुटते. २०२१ साली अमेरिकेत काही फवाऱ्यांत बेंझीन आढळल्याने ते बाजारातून परत घ्यावे लागले. तो दोष चुकून मिसळलेल्या दूषकाचा होता, घाम रोखणाऱ्या क्षारांचा नव्हे.

‘नैसर्गिक ते निर्धोक’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. सातारा-सांगलीकडे दाढी झाल्यावर न्हावी गालावर जो तुरटीचा खडा फिरवतो, गढूळ पाणी निवळायला घरोघरी जो वापरतात आणि काही जण अंघोळीनंतर काखेतही लावतात, तोसुद्धा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे.

इथवर प्रश्न रसायनाचा झाला. त्याच्या मुळाशी धर्माचा, शौचाचा म्हणजे शुद्धतेचा, प्रश्न आहे: अंगाचा वास ही अशुची आहे काय, आणि असल्यास ती कोणाची?

सांगली जिल्ह्यातल्या दिगंबर जैन समाजात या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर डोळ्यांसमोर चालताना दिसते. मिरज तालुक्यातल्या समडोळीत १९२४ साली शांतिसागर महाराजांना आचार्यपद मिळाले. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आणि अदंतधावन ही व्रते आहेत. मुनी अंघोळ करत नाहीत, दात घासत नाहीत. सोशीत राहायच्या बावीस परीषहांत मळाचा परीषह स्वतंत्र गणला आहे. उन्हात पायी चालून घामेजलेले, धूळ माखलेले अंग त्यांनी तसेच वागवायचे. याच समाजातला श्रावक, म्हणजे गृहस्थ उपासक, मात्र अभिषेकासाठी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसूनच मंदिरात जातो. आणि तोच सुस्नात श्रावक अस्नात मुनीच्या पाया पडतो, त्यांना आहार देतो. दशलक्षण पर्वात चिंतन होते ते ‘उत्तम शौच’ म्हणजे लोभाचा अभाव. साबण-सुगंधाचा त्यात उल्लेखही नाही. श्रावकाला अंघोळ हवी, मुनीला ती वर्ज्य. दोघांच्या शौचाचा कस मात्र एकच लागतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात शुचित्वाला कापराची उपमा दिली आहे: आत आणि बाहेर सारखाच. आत शुद्धी नसताना बाहेरचा सोपस्कार म्हणजे विटंबना, हे सांगताना प्रेत शृंगारण्याचा आणि गाढवाला तीर्थात न्हाऊ घालण्याचा दाखला येतो. पतंजलीच्या योगसूत्रांत शौचाचे फळ म्हणून स्वतःच्या अंगाची किळस सांगितली आहे. जैनांच्या बारा भावनांतली अशुची भावनाही देहाकडे तसेच पाहायला लावते. या किळसेची दिशा लक्षात घ्यायला हवी. ती साधकाच्या स्वतःच्या देहाकडे वळलेली आहे आणि सर्व देहांना सारखी लागू आहे. राजाचे शरीर मजुराच्या शरीराहून शुद्ध, असे त्यातून कधीही निघत नाही.

व्यवहारात ती दिशा उलटी फिरली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे त्यांना वर्गात कोपऱ्यात गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळ शिपायाने सोडावा तेव्हाच पाणी. साताऱ्यात परीट त्यांचे कपडे धूत नसे, न्हावी केस कापत नसे. कपडे घरी बहिणी धूत, केसही मोठी बहीण कापी. म्हणजे स्वच्छतेत उणे काही नव्हते. धुतलेल्या कपड्यातले, केस कापलेले मूल अशुद्ध ठरत होते आणि ठरवणारे स्वतःला शुचिर्भूत समजत होते. शौचाच्या कल्पनेचा याहून मोठा अपघात दुसरा नाही. जी किळस स्वतःच्या देहापाशी थांबायची, ती दुसऱ्याच्या जन्मावर टाकली गेली.

सुगंधाचे बाजारीकरण या जुन्या खोडीला नवे निमित्त देते. जाहिरात वासाला लाज जोडते, आणि लाज पाण्याच्या सोयीप्रमाणे वाटली जाते. माण-खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला रोजची अंघोळ हा हिशेबाचा विषय असतो. फडावर कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला न्हाणीघर नसते. त्यांच्या घामावरून त्यांची पायरी ठरवणे हे गोणपाटाच्याच जातीचे आहे.

सुगंध म्हणजे शुद्धी नव्हे, हे इस्लाममध्येही दिसते; तिथे दोन्ही वेगळे ठेवलेले आहेत. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, अंघोळ करून अत्तर लावणे सुन्नत आहे. मात्र हजच्या एहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेत, अंघोळ चालते, सुगंध चालत नाही. मिरजेहून हजला निघालेल्या यात्रेकरूला त्या काळात सुगंधी डिओडरंट वर्ज्यच. तहारत, म्हणजे शुद्धी, पाण्याने होते, अत्तर हा वरचा आनंद आहे.

तेव्हा निवाडा असा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज अँटीपर्स्पिरंट लावू नये, अंगाला खाज सुटत असेल त्यांनी सुगंधी प्रकार सोडावेत, फवारा बंद खोलीत मारू नये. बाकीच्यांनी रोज वापरले तरी त्यात ना आरोग्याचा धोका सिद्ध झालेला आहे, ना धर्माची हानी. आणि जो काहीच लावत नाही, त्याच्या शौचात तिळमात्र उणे नाही.