लेजंडमधला ठिपका कोणाचा?

आलेखाच्या कोपऱ्यातल्या लेजंडमध्ये निळा ठिपका आणि शेजारी नाव. तो ठिपका आलेखातला एखादा बिंदू असतो की साऱ्यांचा प्रतिनिधी?

आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या मुक्त आज्ञावलीत हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. लेजंड मूळ बिंदू उचलत नाही, त्यांच्यावरून नवी खूण काढते. विखुरलेल्या बिंदूंसाठी पूर्वी अशा तीन खुणा निघत. 2017 च्या 2.0 आवृत्तीपासून एकच निघते. बिंदू लहानमोठे असले, तर त्या एका खुणेला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकाराची सरासरी मिळते. म्हणजे आलेखात तेवढा बिंदू एकही नसू शकतो!

ठिपक्याला शब्द मानलं, तर जुना वाद आठवतो. न्यायदर्शनाच्या न्यायसूत्रांच्या मते पदाच्या, म्हणजे शब्दाच्या, अर्थात व्यक्ती (एकेक वस्तू), आकृती आणि जाती (वर्ग) तिन्ही येतात. इथे रंग आणि आकृती जुळतात, जातीही कळते; व्यक्ती मात्र कुठेच सापडत नाही. बौद्ध आचार्य दिङ्नागांना त्याचं काही वाटलं नसतं. त्यांच्या अपोहवादानुसार शब्द इतरांना वगळूनच अर्थ सांगतो. निळा ठिपका लाल नाही, एवढं कळलं की पुरे. मीमांसक कुमारिल भट्टांनी यावर बोट ठेवलं होतं: गाय ठाऊक नसेल, तर ‘गाय नसलेलं’ कसं वगळणार?

वापरणाऱ्याची अडचण जास्त रोकडी. हजारो बिंदूंच्या गर्दीत ते फिकट ठेवावे लागतात. तो फिकेपणा लेजंडमध्येही उतरतो आणि खूण दिसेनाशी होते. आकार वाढवायला ‘मार्करस्केल’ ही सोय आहे, पण गडदपणा वेगळा द्यावा लागतो. इथे हुबेहूबपणा सोडलेलाच बरा.