‘तो काही करत नाही’

कुत्र्याला फिरायला नेणारा प्रत्येक माणूस एक वाक्य पाठ करूनच घराबाहेर पडतो: ‘घाबरू नका, तो काही करत नाही.’ मीही ते शेकडो वेळा म्हटलंय. एका संध्याकाळी डिंभे धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या एका मावशींनी ते ऐकलं. त्या जागीच थांबल्या आणि म्हणाल्या, “तू म्हंतो रं. त्याला इचारलं का?”

मी हसलो. मग काळूकडे पाहिलं. त्याचं शेपूट हलत होतं, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच होतं. पण बाकीचा काळू वेगळंच सांगत होता. तोंड घट्ट मिटलेलं. कान मागे. अंगाचा भार मागच्या पायांवर. डोळ्याच्या कडेला पांढऱ्याची कोर दिसत होती. झोप आलेली नसताना त्याने एक जांभई दिली, नाक चाटलं आणि मान वळवली. तो म्हणत होता, ‘मला इथून जाऊ दे.’ आणि मी त्याच्या वतीने एका अनोळखी बाईला हमी देत होतो.

डार्विनने १८७२ सालच्या आपल्या पुस्तकात एक दृश्य लिहून ठेवलंय. कुत्रा कुणा परक्याकडे ताठ अंगाने, शेपूट वर करून, केस फुलवून चालत जातो. अचानक त्याला कळतं, हा तर आपलाच माणूस! त्या क्षणी सगळं शरीर उलटं होतं, ताठपणा वितळतो, अंग लवतं. म्हणजे कुत्र्याचा अर्थ एका अवयवात नसतो, सगळ्या अंगात असतो. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी तर दाखवलं, की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. हलणं दोन्हीकडे आहेच. शेपूट हलतंय म्हणजे आत काहीतरी चाललंय, एवढंच. ते काय, हे बघावं लागतं.

पण खरा प्रश्न मला नंतर टोचला. काळू कुणावर भुंकतो? शहरातून धरण बघायला आलेल्या, मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या पर्यटकांवर फारसा नाही. मोळीवाल्यांवर, घोंगडी पांघरलेल्यांवर, काठी घेतलेल्यांवर हटकून. लोक म्हणतात, ‘कुत्र्याला माणूस कळतो.’ ऐकायला बरं वाटतं, कारण मग दोष समोरच्याचा ठरतो. प्रत्यक्षात मोळीने माणसाचा आकार बदलतो आणि कुत्रा त्याला बिचकतो. हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं माझ्या हातात होतं. अशी माणसं दिसली की मीच पट्टा आखडत होतो. पर्यटक दिसले की सैल सोडत होतो. काळूला गरीब-श्रीमंत कळत नाही. पट्ट्याचा ताण मात्र नेमका कळतो. मी मनात कुणाची कशी वर्गवारी केली आहे, ते तो रस्त्यावर मोठ्याने वाचून दाखवत होता.

यावर कुणी म्हणेल, हा बिबट्यांचा मुलूख आहे, इथे कुत्र्याने परक्यावर भुंकायलाच हवं. खरं आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. इथला कुत्रा राखणदार आहे आणि भक्ष्यही. त्याच्या संशयाला मी नावं ठेवणार नाही. पण संशय त्याचा असू दे. त्यात माझा मिसळलेला नको. आणि तो संशयात आहे हे दिसत असताना ‘काही करत नाही’ म्हणणं, हे सरळ खोटं बोलणं आहे.

त्या खोट्याची किंमतही मी भरत नाही. चावलाच, तर रेबीजच्या इंजेक्शनांसाठी दवाखान्याचे हेलपाटे त्या मावशींना पडणार, रोज त्यांचा बुडणार. कुत्रा माझा, धोका त्यांचा, आणि धोका नाही असा निवाडा मीच देणार! शिवाय त्या दिवशी मी दोन शरीरं वाचायची राहिलो होतो. मावशींनी मोळीवरचा हात घट्ट केला होता आणि पदर पायांशी आवळून धरला होता. कुत्र्याच्या देहबोलीवर मी पुढे बरंच वाचलं. माणसाची ती वाचायला पुस्तक लागलं नसतं.

आता समोरून कुणी येताना दिसलं की मी लांबूनच रस्ता सोडतो. काळूला घेऊन कडेच्या गवतात वळसा घालतो, पट्टा सैल ठेवतो. त्याला जमिनीचा वास घ्यायला वेळ मिळतो, समोरच्याला रस्ता मिळतो. ते जुनं वाक्य मी सोडून दिलंय. ‘या तुम्ही, आम्ही बाजूला आहोत,’ एवढंच म्हणतो.

मावशी परवा पुन्हा दिसल्या. आम्ही गवतात उभे. त्या न थांबता पुढे गेल्या. काळूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवत हुंगायला लागला.