कळतं, पण वळत का नाही?

माणूस जाणूनबुजून वाईट वागत नाही, असं सॉक्रेटिस ठामपणे म्हणत असे. चूक होते ती अज्ञानातून. चांगलं काय हे खरोखर कळलं, की हातून चांगलंच घडणार. त्या काळच्या अथेन्समध्येही हे अनेकांना पटत नव्हतं आणि आपल्यालाही चटकन पटत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला पथ्य तोंडपाठ असतं, तरी लग्नाच्या पंगतीत त्याचा हात जिलेबीकडे जातोच. कळतं पण वळत नाही, हा आपला रोजचा अनुभव.

सॉक्रेटिसकडे याचं उत्तर होतं. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात तो म्हणतो, जवळची वस्तू डोळ्यांना मोठी दिसते आणि लांबची लहान. सुखदुःखाचंही तसंच असतं. समोरचं सुख डोंगराएवढं वाटतं, उद्याचं दुखणं राईएवढं. या दोहोंचं माप बिनचूक घेता येणं, हेच त्याच्या लेखी जगण्याला तारणारं ज्ञान. ज्याचं माप चुकलं त्याला कळलेलं नव्हतंच.

हे नुसतं वादातलं चातुर्य नव्हतं, हे प्लेटोचाच ‘क्रिटो’ हा संवाद वाचताना उमगतं. इ.स.पू. 399. मृत्युदंड झालेला सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस तुरुंगात आहे. डेलॉस बेटाला गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत शिक्षा थांबलेली आहे आणि ते जहाज आता येण्यात आहे. उजाडण्यापूर्वी त्याचा जुना मित्र क्रिटो कोठडीत येतो. पहारेकरी त्याच्या ओळखीचा. पैशांची सोय झालेली, थेसलीत आश्रय देणारी माणसं तयार. फक्त निघायचं बाकी. पण सॉक्रेटिस गाढ झोपलेला असतो आणि ती शांत झोप पाहून क्रिटो चकित होतो. त्याला उठवायचं त्याच्या जिवावर येतं. मग जाग आल्यावर सॉक्रेटिस काय करतो? विचार करायला बसतो! लोक काय म्हणतील हा प्रश्न तो बाजूला सारतो. अन्यायाची फेड अन्यायाने करणं योग्य आहे का, एवढंच तपासतो. नुसतं जगण्यापेक्षा चांगलं जगणं मोलाचं, हे आपण इतकी वर्षं म्हणत आलो. आता मरण समोर दिसतंय म्हणून ते खोटं ठरतं का, असं मित्रालाच विचारतो. आणि तो पळून जात नाही.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल मात्र ‘कळलं की वळतंच’ या मताला सहजासहजी मान तुकवत नाही. तो वैद्याचा मुलगा, आधी डोळ्यांना काय दिसतं ते पाहणारा. ‘निकोमाकियन एथिक्स’मध्ये तो सरळ लिहितो, की सॉक्रेटिसचं म्हणणं उघड दिसणाऱ्या वास्तवाशी जुळत नाही. चांगलं काय ते ठाऊक असूनही मोहाला बळी पडणारी माणसं आपण पाहतोच. मग त्यांचं ते ठाऊक असणं नेमकं कसलं? ॲरिस्टॉटलचा दाखला मला फार आवडतो. दारूच्या नशेतला माणूसही तत्त्वज्ञ-कवी एम्पेडोक्लीसची कवनं घडाघडा म्हणून दाखवतो. नव्याने शिकणाराही शब्दांमागे शब्द बरोबर जोडतो, पण त्याला अजून कळलेलं नसतं. ते अंगात मुरावं लागतं आणि मुरायला वेळ लागतो. वीणा वाजवूनच वादक घडतो, तसा न्यायाने वागून वागूनच माणूस न्यायी होतो. नीतीवर नुसतं बोलत राहणाऱ्यांची तुलना तो अशा रोग्यांशी करतो, जे वैद्याचं म्हणणं लक्षपूर्वक ऐकतात आणि सांगितलेलं काहीच करत नाहीत.

मला ॲरिस्टॉटलचं पटतं आणि ते पटवून देणारा सर्वांत मोठा पुरावा मला सॉक्रेटिसच्याच आयुष्यात दिसतो. त्या पहाटे त्याला सावरलं ते तेव्हा सुचलेल्या युक्तिवादाने नव्हे. तोच विचार त्याने अथेन्सच्या बाजारात, व्यायामशाळांत, मित्रांच्या घरी आयुष्यभर घोटला होता. कळणं आणि वागणं यांत त्याच्यापुरतं अंतरच उरलं नव्हतं. म्हणून तर त्याला वाटलं असेल, की कळलं म्हणजे झालंच!

कळलेलं असं रोज घोटावं लागतं, हे नंतरच्या काळातल्या एपिक्युरस या तत्त्वज्ञाने बरोबर ओळखलं. खाओ-पिओ-मजा करो असं त्याचं तत्त्वज्ञान होतं, हा समज त्याच्यावर अन्याय करणारा आहे. अथेन्समधल्या त्याच्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही जागा होती आणि खाणं साधं होतं. मेनोइकिअस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की या गोष्टींचं मनन रात्रंदिवस कर, स्वतःशी कर आणि आपल्यासारख्याच एखाद्या सोबत्याबरोबर कर. त्यातला सोबती मला फार महत्त्वाचा वाटतो. एकट्याने केलेला निश्चय संध्याकाळपर्यंत विरून जातो. विचारणारं कुणी असलं, की टिकतो.

पुढे एपिक्टेटस या एकेकाळच्या गुलामाने शिष्यांना बजावलं, की मेंढ्या किती चारा खाल्ला हे धनगराला आणून दाखवत नाहीत. तो पचवून लोकर आणि दूध देतात.

तेव्हा आज नवं काही वाचण्याआधी, पूर्वीच कळलेल्या एका गोष्टीकडे वळा. ज्याची माफी मागायला हवी हे पक्कं ठाऊक आहे, त्याला दुपारच्या आत फोन करा. त्यावर विचार करून झालेला आहे.