“फिरायला चाललो” म्हणणे



आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने जाताना तिकीट काढले की झाले. कुठे, कशाला, परत कधी, असे कोणी विचारत नाही. मुंबईच्या विमानतळावर मात्र आपल्या मुलांना नेमके हेच विचारतात, आणि दहावी न झालेल्याला जरा जास्तच. १९८३ च्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला आखातात नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते. ती टाळायला एजंट सांगतो, “टूरिस्ट व्हिसावर जा. विचारले तर फिरायला चाललो म्हण.”

हे पाप आहे का, असे आम्हाला काही आयांनी विचारले आहे. (पापनिवेदनात नव्हे, चर्चच्या अंगणात, म्हणून येथे लिहितो.)

पूर्वीच्या काही पंडितांनी एक पळवाट काढली होती. तोंडाने “फिरायला” म्हणायचे आणि मनातल्या मनात “कामावर” असे जोडायचे. मग ते खोटे होत नाही! पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली ही शिकवण अमान्य केली. सेमिनरीत हे वाचताना आम्हाला हसू आले होते. आता येत नाही.

तेव्हा खोटे ते खोटेच. पण पदवीवाल्याला सोडायचे आणि गरिबाला अडवायचे, हा कुठला न्याय? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मग विचारणारे तुम्ही कोण? आम्हीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो.

आमचे मत बदलले ते परतीच्या वाटेकडे पाहून. कतारमध्ये २०१८ पर्यंत बहुतेक कामगारांना देश सोडायलाही मालकाची परवानगी लागे. आपल्या कायद्याने पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा आहे, तरी तिकडे तो अनेकदा मालकाच्या कपाटात असतो. रीतसर परवानगीने गेलेल्याचा करार नोंदलेला असतो, त्याचा दहा लाखांचा अपघात विमा असतो. फिरायला गेलेल्याचे यातले काहीच नसते. पगार मिळाला नाही तर तक्रार करायला जावे, तर पहिले वाक्य हेच सांगावे लागते की मी खोटे बोलून आलो. म्हणून तो गप्प बसतो, आणि मालकाला ते ठाऊक असते. विमानतळावर बोललेले एक वाक्य त्याच्या तोंडाला कुलूप लावते, आणि ते वाक्य शिकवणारा इथे सुखात असतो. आमच्या मते मोठा दोष त्याचा.

खिडकीमागच्या साहेबाचा सूर नेहमीच रखवालदाराचा नसतो, हेही खरे. पण त्याच्या प्रश्नाला दिलेले खरे उत्तर मुलाला पुढे कामी येते.

ज्यांच्या घरात सध्या कोणाचे तिकीट निघाले आहे, त्यांनी मिस्सानंतर कागद घेऊन भेटावे. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. ते आम्ही करून देऊ. पासपोर्टची एक झेरॉक्स मात्र घरी आईजवळ ठेवावी.