चौथ्या पायरीवर कोण?



आजचं चिंतन गीतेच्या १२व्या अध्यायातल्या १३व्या श्लोकावर. भगवंत आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात, आणि पहिलंच लक्षण जप, उपवास, पूजा यांपैकी काही नाही. कुणाचाही द्वेष नसणं, हे पहिलं. मग लगेच मैत्री आणि करुणा. श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. पण मैत्रीचा सराव करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी गेल्या शनिवार-रविवारी एका बौद्ध शिबिरात शिकलो.

आईने विचारलंच, "गळ्यात माळ घालून तिकडे कशाला?"

खरं कारण फार थोर नव्हतं. रिलीजच्या धावपळीत झोप उडाली होती. ऑफिसमधला एक मित्र दरवर्षी शिबिराला जातो, त्याच्याबरोबर निघालो. तळेगावहून लोणावळा लोकल, मळवलीला उतरून भाजे गाव. तिथे त्रिरत्न बौद्ध महासंघाचं केंद्र आहे. वर लोहगड-विसापूर, आणि डोंगराच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुनी लेणी.

पहिल्या दिवशी आनापानसती, म्हणजे श्वासाकडे लक्ष. नामाची सवय असेल तर हे परकं वाटत नाही. गुडघे दुखतात तेवढंच.

खरी परीक्षा मैत्रीभावनेत. तिच्या पाच पायऱ्या. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्या मित्राचं. मग ज्याच्याबद्दल आवड-नावड काहीच नाही अशा माणसाचं. चौथ्या पायरीवर ज्याच्याशी वैर आहे तो. शेवटी चौघांना सारखंच, आणि तिथून सगळ्या जिवांना. तिसऱ्या पायरीवर मी सोसायटीच्या वॉचमनकाकांना घेतलं आणि लक्षात आलं, चार वर्षं रोज हात करतोय, पण नाव माहीत नाही. चौथ्यावर जुन्या नोकरीतला एक साहेब, ज्याने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं. त्याचं भलं चिंतताना दात आवळले गेले, पण थोडं सैल झालं खरं. मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो.

चहाच्या वेळी मित्राला विचारलं, "तू चौथ्यावर कोणाला घेतलंस?"

"असं विचारतात का रे?" तो हसला. मग म्हणाला, "आजोबांच्या गावचा एक जण. विहिरीला हात लावू द्यायचे नाहीत. आजोबा ओंजळ धरून उभे राहायचे, हा वरून पाणी ओतायचा. आणि आजोबा मरेपर्यंत त्याचं नाव आदराने घ्यायचे. त्याचंच मला सहन होत नाही. दहा वर्षं प्रयत्न करतोय, चौथ्या पायरीवर तो काही बसत नाही."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पण मैत्री, करुणा... हे शेवटी आपल्या गीतेतही आहेच ना."

"असेल. पण आजोबांना ते गीतेत सापडलं नाही रे."

मला पुढे बोलता आलं नाही. कारण आमच्या गावच्या वाड्यातही विहीर आहे. माझे आजोबा वारकरी, हरिपाठ कधी चुकला नाही. त्या विहिरीवर कोण यायचं आणि कोण लांब उभं राहायचं, हे मी कधी विचारलेलंच नाही. संध्याकाळी पुन्हा चौथी पायरी आली तेव्हा मला साहेब दिसेना. मीच कुणाच्या तरी चौथ्या पायरीवर उभा असेन, हा विचार जाईना.

आपण किती सोयीने वाचतो! पसायदानात दुष्टांचा दुष्टपणा जावो असं मागणं आहे. ते दुष्ट म्हणजे दुसरं कोणीतरी, असंच मी गृहीत धरलं होतं. चोखोबांचे अभंग ऐकून डोळे भरतात, पण पंढरपूरचं मंदिर चोखोबांच्या माणसांना उघडलं ते १९४७मध्ये, साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसल्यानंतर. देहूरोड स्टेशनला उतरून मी तुकोबांच्या दर्शनाला कितीदा गेलो असेन. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या दीक्षेच्या दोन वर्षं आधी. तिथे मी एकदाही गेलेलो नाही. बाबासाहेबांचा बंगला तर आमच्या तळेगावातच आहे. तोही बघितलेला नाही.

शिबिरात सांगितलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मैत्री म्हणजे झालं ते बरोबर होतं असं म्हणणं नव्हे, आणि विसरणंही नव्हे. "झालं गेलं विसरा" हे बहुतेक वेळा आमच्याकडचे लोक म्हणतात, ज्यांना विसरायला काही नसतं. मित्राने त्या माणसाला माफ करावं की नाही, यावर मत द्यायचा मला काय अधिकार? त्याची दहा वर्षं त्याची आहेत. माझं काम वेगळं आहे, आणि ते डोळे मिटून होणारं नाही.

आईला म्हटलं, माळ आहे तशीच आहे. ती म्हणाली, "मग एवढा गप्प का?"

वॉचमनकाकांना सोमवारी नाव विचारलं. ते आधी घाबरले, तक्रार आली की काय म्हणून.

रात्री गावी काकांना फोन केला आणि विहिरीचं विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आता कशाला ते?" पुढच्या महिन्यात गावी जातोय. समोर बसून विचारणार आहे.

रामकृष्ण हरी.