वाढत गेलेली वास्तू

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या मुंबई विद्यापीठाशी पुढे संलग्न झाले, त्या विद्यापीठाहून ते तीन वर्षांनी जुने आहे. १८५४ मध्ये येथे सुरू झालेल्या वर्गाचा हेतू मर्यादित होता. इमारती, धरणे, कालवे, लोहमार्ग आणि पूल यांच्या कामांवर देखरेख करू शकतील असे दुय्यम अधिकारी सरकारला हवे होते. ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मुख्य इमारतीची कोनशिला बसली, आराखडा डब्ल्यू. एस. हॉवर्ड यांचा होता. हाताखालची माणसे घडवण्यासाठी एवढी भारदस्त दगडी वास्तू कशाला उभारली असेल, असा प्रश्न मला ती पाहताना नेहमी पडतो. राज्यकर्त्यांना आपला दबदबा दिसावा असे वाटत होते, हे उत्तर खरेच आहे. परंतु भिंती एकदा उभ्या राहिल्या की बांधणाऱ्याच्या हेतूला त्या फार काळ बांधील राहत नाहीत.

पुढचा विस्तार या अर्थाने वाचावा असे मला वाटते. प्रमाणपत्राच्या जागी पदवी आली. काही काळ शेतकी आणि वनविद्येचे वर्गही येथे भरले व संस्था 'कॉलेज ऑफ सायन्स' म्हणून ओळखली गेली. १९११ मध्ये तिने अभियांत्रिकीचे नाव पुन्हा धारण केले. स्थापत्यामागून यंत्र आणि विद्युत या शाखा आल्या. प्रत्येक शाखेला वर्ग, प्रयोगशाळा, यंत्रे ठेवायला जागा हवी होती. मूळ इमारतीच्या भव्यतेशी या जोड-इमारतींची तुलना करू नये. त्यांतल्या पुष्कळशा केवळ सोयीच्या आहेत. तरीही प्रत्येक जोडभिंत म्हणजे आधीच्या पिढीची ज्ञानाची कल्पना अपुरी होती याची कबुलीच असते, आणि संस्थेने ती जाहीरपणे, दगड-विटांत दिलेली असते.

मी विद्यार्थी असताना या विचारापर्यंत पोहोचलो नव्हतो. वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्यावर कानस चालवताना हातांना आलेले फोड आणि ड्रॉइंग हॉलमधील उंच स्टुलावर अवघडलेली पाठ, एवढाच त्या वास्तूशी माझा परिचय होता. पुढे पाटबंधाऱ्यांच्या कामावर आयुष्य गेले, तेव्हा येथल्याच एका पूर्वसूरीचे काम मला समजू लागले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये येथून परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांनी कल्पिलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसली. पूर ओसंडून धरणाला धोका पोहोचू न देता, मूळ बांधाची उंची न वाढवता, साठा वाढवण्याची ती युक्ती होती. क्षमता वाढवायची तर बांधकाम वाढवलेच पाहिजे, हा आमच्या व्यवसायातील सर्वांत सुलभ आणि सर्वांत खर्चिक समज आहे. लीला पूनावाला १९६७ मध्ये येथून यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या, तेव्हा अशा वर्गांत मुली अपवादानेच दिसत. संस्थेच्या त्या विस्तारालाही एक वीट लागली नाही.

त्याच खडकवासल्याचे नाव १२ जुलै १९६१ शी जोडलेले आहे. पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि मुठेचे पाणी शहरातून संगमाकडे धावले. महाविद्यालय त्या संगमाच्या जवळच आहे. ज्या विद्येने धरण उभे राहिले, तिच्याच माहेरघराजवळून धरणाचे पाणी लोकांचे संसार घेऊन गेले. काम अपुरे असताना पाणी अडवायचे की नाही, हा निर्णय गणिताचा जितका असतो तितकाच धैर्याचाही असतो. धैर्याची प्रयोगशाळा कोणत्याही आवारात बांधता येत नाही. म्हणून शिक्षकाने ते स्वतःच्या वागण्यातून शिकवावे लागते, आणि ते शिकवणारे शिक्षक मला लाभले, याचे ऋण मी मानतो.

विस्तारात काही गोष्टी मिळतात तशा काही गळून पडतात. १८६५ च्या सुमाराचे आपल्याकडचे दगडी बांधकाम चुन्यात होत असे. एका जुन्या सरकारी इमारतीच्या दुरुस्तीवर मी असताना तेथील वृद्ध गवंड्याने सिमेंटने दरजा भरण्यास नकार दिला. "साहेब, सिमेंट दगडापेक्षा हट्टी. भिंत जरा हलली की दगड फुटेल, दरज नाही फुटायची." नंतर मी ग्रंथ पाहिले, तो जे बोलला त्यात दुरुस्त करण्यासारखे काही आढळले नाही. कठीण सिमेंट ओलावा आत कोंडते, क्षार दगडात साचतात आणि दगडाचा पृष्ठभाग झडू लागतो. घाण्यात मळलेला चुना मऊ राहतो, स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो. झिजलेली दरज पुन्हा भरता येते. माझ्या पदवीच्या अभ्यासक्रमात चुन्याला जेमतेम दोन पाने होती.

२०२२ मध्ये हे महाविद्यालय स्वतःच विद्यापीठ झाले. आता अभ्यासक्रम कोणता असावा हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, आणि नव्या इमारतींची गरज तर राहणारच. माझी सूचना अगदी अल्प खर्चाची आहे. स्थापत्याच्या प्रयोगशाळेत सिमेंटच्या गोण्यांशेजारी कळीच्या चुन्याचे एक पोते ठेवावे. चुना विरवणे, मळणे आणि त्याने दरज भरणे विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या गवंड्याकडून शिकू द्यावे, आणि त्या गवंड्याला अभ्यागत व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे.